राजाच्या कानांवरून आपलं भांडण

केतकी, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तू गेलीस म्हणून तुझं म्हणणं बरोबर ठरत नाही. माणूस गेलं की त्याचं सगळं मान्य करून टाकायचं, अशी रीत दिसते इथे. तू गेल्यापासून बघते आहे, जो तो तुझ्याबद्दल मान हलवत बोलतोय. तू हयात असताना ज्यांनी तुझं एक वाक्य पुरतं ऐकून घेतलं नाही, तेसुद्धा. मी मान हलवणार नाही. त्या सिनेमाचा शेवट चांगला आहे असं मी वीस-बावीस वर्षं म्हणत आले, आणि आजही म्हणते.

सिनेमाचं नाव लिहायची गरज नाही. आपण दोघी त्याला ‘कानवाला’ म्हणायचो. तू तो सांगलीला गणपतीत मैदानात ताणलेल्या पडद्यावर पाहिलास, मागच्या बाजूने, म्हणजे सगळं उलटं. मी ठाण्याला टीव्हीवर, शेजारच्यांकडे. तुला पाठ असलेलीच गोष्ट पुन्हा सांगते, कारण सांगताना मला बरं वाटतं. एका राजाला गाढवासारखे लांब कान येतात. तो ते पगडीखाली लपवतो. माहीत असतं फक्त त्याच्या न्हाव्याला, आणि न्हाव्याला तर सांगितलेलं असतं की बोललास तर मुंडकं उडवीन. तो गप्प राहतो, पण गुपित पोटात मावत नाही. पोट फुगत फुगत जातं. शेवटी तो रानात जाऊन एका झाडाला सांगून मोकळा होतो. पुढे त्याच झाडाच्या लाकडाची ढोलकी होते, आणि भर दरबारात थाप पडल्यावर ढोलकीच बोलते की राजाचे कान गाढवाचे.

बाकीच्यांना ही गोष्ट आजीने सांगितली. आपल्याला सिनेमाने सांगितली, गाण्यांसकट. ते हजामतीचं गाणं, ज्यात साबणाचा फेस उडून राणीच्या ताटात पडतो. तो फुगलेल्या पोटाचा न्हावी, जो दारातून आत येईना म्हणून शिपाई त्याला ढकलतात. आणि शेवट. दरबार चिडीचूप, राजा सिंहासनावर हमसून रडतोय, आणि मग राणी उठते, बागेतून केळीचं पान आणते, त्याचे दोन लांब कान करून स्वतःच्या डोक्याला बांधते. मग प्रधान बांधतो, सेनापती बांधतो, सगळा दरबार कान लावून नाचतो. मी लहानपणी त्या गाण्यावर सोफ्यावरून उड्या मारायचे.

आणि तू म्हणालीस, ‘हा शेवट मला मुळीच आवडत नाही.’

आपण तेव्हा नुकत्याच इथे मेलबर्नला आलो होतो. युनिव्हर्सिटीजवळच्या त्या घरात चार जणी राहायचो, आणि तुझ्या आईने लोणच्याबरोबर सिनेमाची सीडी पाठवली होती. रविवारची दुपार होती. तू इस्त्री करत होतीस आणि मी तुझ्या पलंगावर पसरले होते. तू इस्त्री शर्टावरच थांबवलीस आणि म्हणालीस, ‘राजाला कान आले तर राजा कान घेऊन बसेल. बाकीच्यांनी कशाला पानं बांधायची? त्याच्याकडे सरळ बघायची हिंमत नाही, म्हणून गर्दी करून टाकली.’

मी म्हटलं, ‘अगं, त्याला एकटं पडू द्यायचं नाही, एवढंच आहे त्यात.’

‘पण तो एकटाच आहे ना. त्याचे खरे आहेत. यांची पानं उद्या वाळतील.’

त्यावर मी काहीतरी बोलले, तू काहीतरी बोललीस, आणि तुझ्या शर्टाची बाही जळाली. तिथून हे भांडण सुरू झालं. तुझ्या लग्नात झालं, माझ्या घटस्फोटाच्या वेळी झालं. तू क्रेगीबर्नला घर घेतलंस, मी ग्लेन वेव्हर्लीला राहिले, मध्ये अख्खं मेलबर्न. रिंग रोडवर गाडी अडकली की तू मला फोन लावायचीस आणि ‘बरं, मला अजून एक मुद्दा सुचलाय’ म्हणून सुरू व्हायचीस. रस्त्यांच्या कामावर इंजिनिअर होतीस तू. ती पिवळी, लांबून चमकणारी हाय-व्हिज जाकिटं आणि डंपरच्या घरघरीच्याही वर चढणारा आवाज. हळू बोलणं तुला येतच नव्हतं. हॉस्पिटलमध्ये नर्सने तुला एकदा ‘डार्लिंग, इनडोअर व्हॉइस’ म्हणून सांगितलं होतं, आणि तू तिला त्याच आवाजात सॉरी म्हणालीस.

गेल्या नोव्हेंबरात तू मला फोन केलास तेव्हा मात्र आवाज बारीक होता. गाठ निघाली होती. ऑपरेशन, मग किमो. तू सगळं कामाचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलंस आणि शेवटी म्हणालीस, ‘आईला कळवायचं नाही असं नितीनचं म्हणणं आहे. तिचं हृदय नाजूक आहे. आणि इथल्या मराठी मंडळात पण कुणाला नको. उगाच डबे घेऊन येतील आणि माझ्याकडे बघून रडतील.’

‘तुझं काय म्हणणं आहे?’ मी विचारलं.

तू म्हणालीस, ‘माझं पोट फुगणार आहे.’

आपण दोघी हसलो. त्या दिवशी हसण्यासारखं तेवढंच होतं.

नितीनला मी दोष देत नाही. तुझ्या नवऱ्यासारखा काळजी घेणारा माणूस मी पाहिलेला नाही. तो घाबरला होता आणि घाबरलेल्या माणसाला वाटतं, कमी लोकांना कळलं तर आजारही कमी राहील. त्याने तुझ्यासाठी चांगला महागातला टोप आणला, अगदी तुझ्या केसांसारखा. आईचा व्हिडिओ कॉल आला की तू तो घालायचीस. काकू म्हणायच्या, ‘केस किती छान राहिलेत गं तुझे, कुठलं तेल लावतेस?’ आणि तू खरोखर एका तेलाचं नाव सांगितलंस. फोन ठेवल्यावर तू टोप काढून सोफ्यावर आपटलास.

त्याआधीची जानेवारीतली ती दुपार मी विसरणार नाही. उशीवर केस सापडायला लागले होते. तू मला बोलावून घेतलंस, कारण नितीनला ते करवत नव्हतं. बॅकयार्डात कपडे वाळत घालायच्या तारांखाली खुर्ची टाकली. ऊन इतकं होतं की विटा तापल्या होत्या. तू खांद्यावर चादर घेऊन बसलीस आणि नितीनचा ट्रिमर मला दिलास. तुझी सई दाराच्या जाळीआड उभी होती. ती तेव्हा दहा वर्षांची. तू तिला हाक मारलीस, ‘बाहेर ये. लपून बघू नकोस, समोर बसून बघ.’ ती आली आणि गवतावर बसली.

मी सगळे केस काढले. तू हाताने डोकं चाचपलंस, मग कान चाचपलेस, आणि फोनचा कॅमेरा उघडून बघितलंस.

‘दीपे,’ तू म्हणालीस, ‘माझे कान केवढे आहेत.’

खरंच मोठे होते. इतकी वर्षं दाट केसांखाली होते, कुणाला दिसलेच नव्हते. सई म्हणाली, ‘मम, दे आर लाइक सॅटेलाइट डिशेस.’ तू एवढी हसलीस की खुर्ची कलली.

आणि मग मी ट्रिमर स्वतःच्या डोक्याकडे नेला. त्याचा मी आधीच विचार करून आले होते, तुला सांगितलं नव्हतं एवढंच. तू उठून माझं मनगट धरलंस. जोरात. हसू गेलं होतं.

‘काय करतेस?’

‘तू एकटी नाहीस, म्हणून.’

‘केळीचं पान बांधू नकोस,’ तू म्हणालीस. ‘तुझे केस तुझ्या डोक्यावर राहू देत. मला ते बघायचे आहेत. सगळीकडे टक्कल दिसलं तर मी कुठे बघू?’

मी रडले, तू रडली नाहीस. ट्रिमर तू सईच्या हातात देऊन टाकलास. माझ्या मते तू त्या दिवशी चुकलीस. मैत्रिणीला काहीतरी करू द्यायला हवं होतंस. माझ्या हातांना दुसरं काहीच करण्यासारखं नव्हतं, आणि तू तेवढंही करू दिलं नाहीस. हे मी तुला कधी बोलले नाही, आता बोलते आहे.

आईला तू स्वतःच सांगितलंस, नितीनला न विचारता. मी तिथे होते. काकूंचा कॉल आला, तू टोप टेबलावर तसाच ठेवून फोन उचललास. काकू फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिल्या. मागे त्यांच्या कुकरची शिट्टी झाली. नितीनने स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या डोळे मिटून घेतले. मग काकू म्हणाल्या, ‘कान अगदी तुझ्या बाबांचे आहेत.’

आणि तेव्हा तू रडलीस.

त्यांच्या हृदयाला काही झालं नाही. त्या दर सकाळी तुला फोन करायला लागल्या, औषध घेतलंस का म्हणून रागवायला लागल्या. तुझा चेहरा निवळला. म्हणून म्हणते, लपवाछपवीबद्दल तू बरोबर होतीस. एवढं मी मान्य करते. शेवटाबद्दल नाही.

गुढीपाडव्याचं नाटक तू आजारपणाआधीच लिहायला घेतलं होतंस. ‘कानवाल्या’वरूनच, पण सगळे संवाद तुझे, गाणी तुझी, आणि अर्थात शेवट तुझा. मंडळातल्या मुलांना घेऊन करायचं, राजा तू आणि न्हावी मी. मला वाटलं, आता ते बारगळेल. तू म्हणालीस, ‘का? राजा बराच वेळ बसलेलाच असतो.’ किमोचे आठवडे सोडून तालमी लावल्यास. शाळेच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये, डोक्याला फडकं बांधून, हातात पाण्याची बाटली घेऊन, मुलांना ‘न’ आणि ‘न्ह’ शिकवत होतीस. ती मुलं ‘न्हावी’ म्हणताना ‘नावी’ म्हणायची. तू त्यांना नाकावर बोट ठेवून म्हणायला लावलंस.

मग अविनाशदादा आले. मंडळाचे अध्यक्ष म्हणून नव्हे, तर घरी, चहाला. पण मी त्यांच्याकडे बघूनच ओळखलं की ते काहीतरी ठरवून आलेत. सत्तरीचा माणूस, मंडळासाठी खपलेला. इथे खुर्च्या लावण्यापासून श्रीखंड घोटण्यापर्यंत सगळं करणारा. त्यांनी चहा अर्धा प्यायला आणि म्हणाले, ‘केतकी, तू राजा करू नकोस असं नाही. पण तो टोप घाल. त्यावर पगडी. सणाचा दिवस आहे, लहान मुलं असतात.’

‘मुलांना माहीत आहे, दादा. ती रोज बघतात मला.’

‘मोठ्यांचंही बघायला हवं.’

‘मोठ्यांना काय होईल?’

दादांनी कप खाली ठेवला. ‘माझी बायको अशीच गेली,’ ते म्हणाले. ‘आम्ही तेव्हा डार्विनला होतो. शेवटचे महिने ती कुणाच्या समोर आली नाही. मीच तिला येऊ दिलं नाही. लोकांनी तिला चांगली लक्षात ठेवावी, असं मला वाटलं. मला स्टेजवर ते बघवणार नाही गं.’

मला वाटलं, आता तू नमशील. मी तर त्याच क्षणी नमले असते. तू त्यांच्याजवळ जाऊन बसलीस. समोरासमोर पहिल्यांदाच तुझा इनडोअर व्हॉइस ऐकला मी.

‘दादा, तुम्ही दाराजवळ बसा. बघवलं नाही तर बाहेर जा, मला वाईट वाटणार नाही. पण मी टोप घालणार नाही.’

ते उरलेला चहा तसाच ठेवून गेले. नितीन म्हणाला, ‘घातला असतास तर काय बिघडलं असतं?’ तू म्हणालीस, ‘माझं बिघडलं असतं.’ आणि आत जाऊन झोपलीस, कारण तेवढ्या बोलण्यानेही तू दमली होतीस.

नाटकाच्या दिवशी हॉल भरला होता. अविनाशदादा दाराजवळ उभे होते, बसले नव्हते. तू सिंहासनावर, म्हणजे लायब्ररीतल्या खुर्चीवर, जरीची शाल पांघरून. पगडीखाली हेअरबँडला चिकटवलेले राखाडी कापडाचे लांब कान. ठरलेलं असं होतं की ढोलकी बोलते, राजा पगडी काढतो, कापडी कान दिसतात, मुलं हसतात. आणि मग तुझा शेवट: राजा म्हणतो, ‘बघून झालं? मग आता ज्याची कामाची फिर्याद असेल त्याने पुढे यावं.’ बस. पान नाही, नाच नाही. मला तो शेवट तेव्हाही कोरडा वाटला होता.

पगडी काढलीस. कापडी कान दिसले. मुलं हसली, मोठे हसले. आणि मग तू जे तालमीत कधीच केलं नव्हतंस ते केलंस. हेअरबँडही काढलास.

ते गुळगुळीत डोकं दिव्याखाली, आणि त्याच्या दोन बाजूंना तुझे स्वतःचे कान. हॉलमधला आवाज बंद झाला. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना त्या क्षणी कळलं. पुढच्या रांगेत कुणाच्या तरी हातातून पर्स पडली. पहिल्या रांगेतल्या एका छोट्या मुलीने मोठ्याने विचारलं, ‘इज दॅट रिअल?’ तिची आई तिला गप्प करायला लागली. तू राजाच्याच आवाजात म्हणालीस, ‘खोटं वाटतंय? ये, ओढून बघ.’

ती खरंच आली. दोन पायऱ्या चढून आली आणि तिने तुझा कान धरून ओढला. ‘इट्स रिअल,’ तिने सगळ्यांना सांगितलं आणि जाऊन बसली.

तरी कुणी हसलं नाही. हॉल तसाच गोठलेला. तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या डोळ्यांत मला भीती दिसली, केतकी. तुझ्याबद्दल आता जे ‘निडर’ वगैरे लिहितात त्यांना हे माहीत नाही, पण मी चार फुटांवर होते. तू घाबरली होतीस की आता हे कसं उचलायचं. मी हातात वस्तरा घेतलेला न्हावी. माझ्या तोंडून निघालं, ‘महाराज, माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाहीत.’

आधी तू हसलीस. मग नितीन, मी त्याचा आवाज ओळखला. मग सगळा हॉल. ते हसणं थांबेना. दाराजवळ बघितलं तर अविनाशदादा बाहेर गेले नव्हते. ते भिंतीला टेकून खाली बसले होते, हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही.

तो आपला सगळ्यात चांगला दिवस होता. नंतर हिवाळा आला, आजार दुसरीकडे पसरला, आणि ऑगस्टमध्ये तू गेलीस. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. सकाळ होती, आम्ही सगळे होतो, पुरे.

लिहायचंय ते त्यानंतरचं. पहिल्याच आठवड्यात मला एकीने फोनवर सांगितलं की नाटकाच्या दगदगीनेच झालं, आराम केला असता तर अजून काही महिने मिळाले असते. मी तिला विचारलं, ‘कशासाठी मिळाले असते?’ दुसरी म्हणाली, ‘ती लढली, पण हरली.’ मी म्हटलं, ती हरलेली नाही, ती गेली आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला आता लोक फोन करायला कचरतात. कचरू देत. तुला ‘बिचारी’ म्हणणारा प्रत्येक फोन मी तिथल्या तिथे ठेवणार आहे.

मग शोकसभेच्या फोटोवरून झालं. मला स्टेजवरचा हवा होता, तो कान ओढतानाचा. मी मोठं करून प्रिंटही काढून आणलं. नितीनने लग्नानंतरचा निवडला होता, लांब वेणीचा, इथल्या यारा नदीच्या काठावरचा. मी बोलायला तोंड उघडलं आणि तो म्हणाला, ‘दीपा, तुला ती स्टेजवरची आठवते. मला ती या फोटोतली आठवते. मी रोज सकाळी तिची वेणी ओढायचो.’ मी माझं प्रिंट गुंडाळलं. सईने ते माझ्या हातातून घेतलं, उलगडलं आणि बाबाच्या फोटोशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं. ‘बोथ,’ ती म्हणाली. विषय संपला.

सई त्या शनिवार-रविवारी माझ्याकडे होती. नितीनला झोप हवी होती. रविवारी दुपारी ती म्हणाली, ‘मावशी, कॅन वी वॉच द ओरिजिनल?’ तिने मूळ सिनेमा कधी पुरता पाहिलाच नव्हता, फक्त तुझं नाटक. मला धीर होत नव्हता. पण तिने लावला. जुनी प्रिंट, रंग उडालेले, आवाज खरखरीत. आणि तरी फेस राणीच्या ताटात पडला तेव्हा तुझी मुलगी खो-खो हसली. फुगलेल्या न्हाव्याला दारातून ढकलतात तिथे तिने मागे नेऊन पुन्हा बघितलं. मी पण हसले. मला वाटलं होतं, मला ते सहन होणार नाही. पण सिनेमा काय, तो आपला हसवत सुटला होता. त्याला आपल्या घरात काय झालंय याची फिकीर नव्हती, आणि त्याचं मला बरं वाटलं.

शेवट आला. राणीने पान आणलं, प्रधानाने बांधलं, नाच सुरू झाला. मी सईला म्हटलं, ‘यावरून आम्ही भांडायचो. तुझ्या आईला हे खोटं वाटायचं.’

‘आय नो. तिने सांगितलंय.’ तिने पडद्यावर बोट ठेवलं. ‘पण हा बघ. न्हाव्याने कुठे लावलेत?’

मी पुढे सरकले. तिने चित्र थांबवलं होतं. सगळा दरबार हिरवे कान लावून एका रांगेत, आणि सिंहासनाच्या पायरीशी बसलेला न्हावी. त्याच्या डोक्यावर काही नाही. तो नाचतही नाही. वर राजाकडे बघतोय, आणि राजा त्याच्याकडे.

केतकी, इतकी वर्षं आपण दोघी त्या शेवटावरून भांडलो आणि आपल्यापैकी एकीनेही हे पाहिलं नव्हतं. तू मैदानात पडद्याच्या मागून बघत होतीस, मी सोफ्यावर उड्या मारत होते.

‘त्याच्या हातात ढोलकी आहे,’ मी म्हटलं. ‘हात मोकळे नाहीत त्याचे.’

सईने माझ्याकडे तुझ्यासारखं बघितलं. ‘मम वुड से दॅट्स अ लेम एक्स्क्यूज.’

म्हणाली असतीस. म्हणाली असतीस की बघ, ज्याला पहिल्यापासून माहीत होतं त्याला पान बांधावं लागलं नाही. आणि मी म्हणाले असते की बघ, बाकीच्यांनी बांधलं म्हणूनच राजाला वर मान करून न्हाव्याकडे बघता आलं. मग तू रिंग रोडवरून ओरडली असतीस. माझ्याकडे उत्तर तयार आहे आणि ते द्यायला कुणी नाही, याचा मला राग आहे. रडू येण्याआधी राग येतो. पण मुद्दा मी सोडलेला नाही.

शोकसभा काल झाली. त्याच हॉलमध्ये. दोन्ही फोटो होते. अविनाशदादांनी खुर्च्या लावल्या होत्या. मी बोलले, जे बोलायचं ते वर लिहिलंच आहे. बाकीचेही बोलले, बरेचसे हळू आवाजात. समोरच्या मोठ्या पडद्यावर सांगलीहून काकूंचा व्हिडिओ कॉल लावला होता. त्यांनी ऐकावं एवढाच हेतू होता, बोलायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अध्यक्ष म्हणून अविनाशदादा शेवटी उभे राहिले आणि म्हणाले, ‘आता आपण सगळे उभे राहून तिच्या आत्म्यास...’

‘थांबा जरा,’ पडद्यावरून आवाज आला. तोच आवाज, केतकी. डंपरच्या वर चढणारा. तो तुला कुणाकडून आला ते हॉलमधल्या सगळ्यांना कळलं.

‘मघापासून ऐकते आहे मी,’ काकू म्हणाल्या. ‘फार सोसलं, फार शांत होती, फार गोड होती. कुणाबद्दल बोलताय? माझी मुलगी तापट होती. लहानपणापासून उलट बोलायची. आजारात माझ्याशी रोज भांडली. रडायची तेव्हा दार न लावता रडायची. तुम्ही तिला अशी सपाट करून मला परत देऊ नका. मी ती घेणार नाही.’

दादा हात जोडून तसेच उभे होते, मग हळूच खुर्चीवर बसले. नितीनने चेहरा ओंजळीत घेतला. सई उठली, पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, ‘आजी, आय’म हिअर.’

‘हो, दिसतेस,’ काकू म्हणाल्या. ‘बस तिथेच.’

ती खाली बसली, पडद्यासमोर जमिनीवर. मग मी जाऊन तिच्या शेजारी बसले. काकूंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि त्या आमच्याकडे बघत बसून राहिल्या. हॉलची वेळ संपत आली होती, बाहेर पुढच्या कार्यक्रमाची माणसं आली होती. चहा निवला. आमच्यातल्या कुणीही तो कॉल बंद केला नाही.